पदवीनंतरची पहिली पाच वर्षे: नागपुरात फिजिओथेरपीचा व्यवसाय सुरू करणाऱ्यांसाठी

साडेचार वर्षांचा बीपीटीएच हा फिजिओथेरपीचा पदवी अभ्यासक्रम आणि त्यातलीच सहा महिन्यांची इंटर्नशिप संपवून बाहेर पडलेली मुले-मुली दरवर्षी मला भेटायला येतात आणि बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, ‘मॅडम, आता कोणता कोर्स करू?’ मी त्यांना उलट विचारते, की गेल्या महिन्यात तुम्ही पाहिलेल्या रुग्णांपैकी किती जणांना गुण आला, आणि तो आला हे तुम्हाला कशावरून कळले? बहुतेकांकडे याचे उत्तर नसते, कारण त्यांनी काहीच लिहून ठेवलेले नसते. हा लेख त्या उत्तरापर्यंत कसे पोहोचायचे यासाठी आहे. नागपुरात आणि आसपास पंधरा-सोळा वर्षे काम केल्यानंतर माझे असे मत झाले आहे की पहिल्याच दिवशी आपला अंदाज लिहून ठेवणे आणि ठरलेल्या दिवशी तो पडताळून पाहणे, या एका सवयीने आपण जितके शिकतो तितके भिंतीवरच्या प्रमाणपत्रांनी शिकत नाही. बाकीच्या गोष्टीही लागतातच, म्हणून त्या क्रमाने सांगते.

१. आधी कागदपत्रे पूर्ण करा

महाराष्ट्रात व्यवसाय करायचा तर ऑक्युपेशनल थेरपी आणि फिजिओथेरपीच्या महाराष्ट्र राज्य परिषदेकडे नोंदणी आवश्यक आहे. ही परिषद २००२ च्या राज्य कायद्याने अस्तित्वात आली. इंटर्नशिप पूर्ण झाल्याचे प्रमाणपत्र हाती पडताच अर्ज करा, नोकरी लागल्यावर करू असे म्हणू नका. नोंदणी प्रमाणपत्रावर छापलेली मुदत डायरीत लिहून ठेवा, कारण नूतनीकरण राहून गेल्याचे लक्षात येते ते नेमके नवीन नोकरीच्या मुलाखतीच्या दिवशी. फिजिओथेरपीसारख्या संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोग स्थापन करणारा कायदा संसदेने २०२१ मध्ये केला असून नियमांत बदल होत आहेत, म्हणून परिषदेच्या आणि आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या सूचना महिन्यातून एकदा स्वतः वाचा. मित्राने पाठवलेल्या संदेशावर विसंबू नका.

इंडियन असोसिएशन ऑफ फिजिओथेरपिस्ट्स ही संघटना १९५५ पासून काम करते. तिचे सदस्यत्व ऐच्छिक आहे, पण अधिवेशनांत भेटणाऱ्या माणसांसाठी ते घ्यावे असे मी म्हणेन. व्यावसायिक जबाबदारीचा विमा मात्र पहिल्या पगारातूनच काढा. रुग्णालय आपला विमा काढते असे बरेच जण गृहीत धरतात. तो संस्थेचा असतो की तुमच्या नावाचा, आणि घरभेटींना लागू होतो की नाही, हे लेखी विचारा.

२. पहिली नोकरी: एकट्याने काम करावे लागेल अशी घेऊ नका

रामदासपेठ आणि धंतोली या दोन वस्त्यांत रुग्णालयांची एवढी दाटी आहे की नवीन पदवीधराला कुठे ना कुठे जागा मिळते. त्याखेरीज मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालये, मिहानमधले एम्स, हिंगणा मार्गावरची शिक्षणसंस्था, शहरभर पसरलेली खासगी क्लिनिक, विशेष मुलांच्या शाळा असे पर्याय आहेत. यांत निवड करताना पगारातला दोन-तीन हजारांचा फरक पाहण्याआधी एक गोष्ट पाहा: तुमच्या शेजारी तुमच्यापेक्षा अनुभवी असा, तुमची तपासणी पाहून चूक दाखवू शकेल असा माणूस रोज असणार आहे का? नसेल तर ती नोकरी पहिली म्हणून घेऊ नये. एकट्याने केलेली चूक दोन वर्षांत पद्धत होऊन बसते आणि ती पद्धत मोडायला पुढे फार कष्ट पडतात.

मुलाखतीत तुम्हीही प्रश्न विचारा. एका थेरपिस्टने दिवसाला किती रुग्ण पाहायचे असतात, नवीन रुग्णाच्या तपासणीला किती वेळ दिला जातो, नोंदी कुठे ठेवतात, अतिदक्षता विभागात पहिल्या किती पाळ्या वरिष्ठांबरोबर असतात, हे चार प्रश्न पुरेसे आहेत. मी ज्या पहिल्या ठिकाणी लागले तिथे सकाळच्या चार तासांत वीस-बावीस रुग्ण ‘काढायचे’ असत. मला त्या वेगाचा अभिमान वाटे. वर्षभराने लक्षात आले की त्यातल्या एकाचेही नाव आणि निदान मी एकत्र सांगू शकत नव्हते.

पहिल्या दोन वर्षांत शक्य असेल तर अस्थिरोग, मज्जासंस्था आणि अतिदक्षता या तिन्ही विभागांत फिरती पाळी मागून घ्या. खेळाडूंमध्येच काम करायचे असे ठरवून आलेल्यांनीही अतिदक्षता टाळू नये. श्वास आणि नाडी वाचायला तिथे जसे शिकता येते तसे मैदानावर शिकता येत नाही.

३. तपासणी, मोजमाप आणि अंदाज

या भागावर मी सर्वांत जास्त वेळ घालवणार आहे, कारण पुढचे सगळे यावर उभे आहे.

सुरुवात रुग्णाच्या भाषेपासून होते. पुण्या-मुंबईकडून आलेल्या सहकाऱ्यांना नागपुरात पहिल्या आठवड्यात ‘टोंगळा’ म्हणजे गुडघा हे शिकावे लागते. ‘मॅडम, टोंगळा लय दुखते जी, ग्रीस संपलं म्हणतात’ असे सांगणाऱ्या बाईला ग्रीस वगैरे काही नसते म्हणून दुरुस्त करण्यात अर्थ नाही. तिला बसता-उठताना त्रास होतो की जिना उतरताना, सकाळी किती वेळ सांधा आखडलेला राहतो, हे विचारण्यात अर्थ आहे. ‘मणक्यात गॅप आला’, ‘नस दबली’, ‘चमक भरली’, ‘लकवा मारला’ हे शब्द ऐकताच निदान ठरवू नका. प्रत्येक शब्दामागे काय घडले ते विचारून घ्या आणि रुग्णाचे वाक्य जसेच्या तसे कागदावर उतरवा. किती दुखते यापेक्षा काय करता येत नाही हा प्रश्न अधिक उपयोगी पडतो. आपल्याकडे माणसे जमिनीवर मांडी घालून जेवतात, उकिडवे बसून कामे करतात, ओट्यावरून उठतात. परदेशी प्रश्नावल्यांत या हालचाली क्वचितच असतात, म्हणून त्या तुमच्या कागदावर तुम्हीच घालायच्या.

दुसरी पायरी धोक्याच्या खुणांची. रात्री झोपेतून उठवणारी आणि विश्रांतीने न थांबणारी वेदना, वजन घटणे, संध्याकाळचा ताप, जांघेत बधिरपणा, लघवी तुंबणे किंवा नकळत होणे, वाढत जाणारी पायांतली कमजोरी, शस्त्रक्रियेनंतर एका पोटरीला आलेली गरम सूज, चालताना वाढणारी आणि थांबल्यावर कमी होणारी छाती किंवा डाव्या खांद्यातली वेदना: यांपैकी काहीही दिसले तर त्या दिवशी उपचार न करता रुग्णाला डॉक्टरांकडे पाठवणे हेच तुमचे काम. काटोलकडची एक तरुण बाई पाठदुखीसाठी महिनाभर कुठेतरी ट्रॅक्शन, म्हणजे मणका ताणण्याचा उपचार, घेऊन माझ्याकडे आली होती. संध्याकाळी अंग कसकसते का, एवढे विचारल्यावर ती म्हणाली, रोजच. मणक्याचा क्षयरोग निघाला. मी त्यात विशेष काही केले नव्हते. छापील यादीतला प्रश्न विचारला होता. म्हणून ती यादी पाठ असली तरी समोर ठेवूनच विचारावी.

तिसरी पायरी मोजमापाची, आणि तिला महागडे काही लागत नाही. सांध्याचा कोन मोजणारा गोनिओमीटर, मापपट्टी, स्टॉपवॉच, हात नसलेली एक खुर्ची, आणि जमिनीवर तीन मीटर अंतरावर चिकटवलेली पट्टी. ३० सेकंदांत खुर्चीवरून किती वेळा उठता येते, खुर्चीवरून उठून तीन मीटर चालून परत येऊन बसायला किती सेकंद लागतात, ० ते १० मध्ये वेदना किती, स्नायूची ताकद ० ते ५ मध्ये किती. तोल जाणाऱ्या वृद्धांसाठी १४ कृतींची आणि ५६ गुणांची बर्ग चाचणी पंधरा-वीस मिनिटांत होते. सहा मिनिटे चालण्याच्या चाचणीला ३० मीटरची सरळ वाट लागते आणि आपल्या क्लिनिकांत एवढी लांबी नसते. मी अपार्टमेंटच्या तळमजल्यावरील पार्किंगमध्ये अंतर आखून घेतले आहे. वाट लहान असेल तर वळणे वाढतात आणि आकडा बदलतो, म्हणून एकाच रुग्णाची चाचणी प्रत्येक वेळी त्याच वाटेवर करा.

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येते. या सगळ्यानंतर कागदाच्या तळाशी एक वाक्य लिहायचे: ‘माझा अंदाज.’ उदाहरणार्थ, ‘गुडघा आज ७० अंश वाकतो, तीन आठवड्यांत ९५ होईल, कारण अडथळा सूज आणि भीतीचा आहे, सांधा घट्ट झालेला नाही.’ आकडा, मुदत आणि कारण या तिन्ही गोष्टी हव्यात. मग तीन आठवड्यांनी त्याच गोनिओमीटरने, त्याच स्थितीत मोजायचे. ९५ झाले तर ठीक. ८० च झाले तर आपले कारण चुकले होते का, व्यायाम घरी झाला नाही का, की उपचारच अपुरा होता, हे शोधायचे आणि त्याच पानावर लाल शाईने लिहायचे. पहिल्या वर्षी माझे खांद्याचे अंदाज जवळजवळ सगळेच चुकत होते. मधुमेह असलेल्या रुग्णांचा आखडलेला खांदा इतरांपेक्षा चिवट असतो हे मी पुस्तकात वाचले होते, पण लाल शाईची पाच-सहा पाने एकापाठोपाठ एक दिसेपर्यंत ते माझ्या कामात उतरले नव्हते. अंदाज लिहिला नसता तर प्रत्येक वेळी मी ‘हळूहळू होईल’ एवढेच म्हटले असते आणि काहीच शिकले नसते.

नोंद छोटी ठेवा, म्हणजे ती खरोखर लिहिली जाईल. रुग्णाचे शब्द, मोजमाप, आपला विचार, आज केलेले उपचार, घरी दिलेले व्यायाम, पुढची तारीख. त्याच दिवशी लिहा. मोबाइलमध्ये छायाचित्र किंवा चित्रफीत घेणार असाल तर लेखी संमती घ्या आणि ती कुठेही प्रसिद्ध करू नका. तक्रार झाली तर ग्राहक आयोगासमोर हीच पाने तुमच्या बाजूने बोलतात, हा त्यांचा दुसरा उपयोग.

४. यंत्रे वापरताना

रुग्ण ‘करंट लावून द्या’ म्हणून येतात आणि नवीन थेरपिस्टला नाही म्हणणे अवघड जाते. टेन्स किंवा आयएफटी या सौम्य विद्युत प्रवाहाच्या यंत्रांनी काही वेळ वेदना कमी होऊ शकते, त्या वेळात व्यायाम करून घेता येतो, इतकीच माझी त्यांच्याकडून अपेक्षा असते. पेसमेकर असलेल्याला विद्युत उपचार नको, शरीरात धातू असेल तिथे आणि गर्भवतीला शॉर्टवेव्ह यंत्राचा खोल शेक नको, कर्करोगाच्या जागी अल्ट्रासाउंड नको: हे परीक्षेत लिहून गुण मिळवलेले असतात, पण गर्दीच्या वेळी विचारायचे राहते.

माझ्याकडून राहिले होते. नोकरीच्या आठव्या महिन्यात मधुमेह असलेल्या एका आजोबांच्या पायाला मी गरम पॅक बांधला. पॅकच्या टाकीतले पाणी ७० अंशांच्या वर असते, टॉवेलचे थर घातले होते, आजोबा ‘छान वाटते’ म्हणत होते, आणि मी पडद्यापलीकडच्या रुग्णाकडे गेले. वीस मिनिटांनी पॅक काढला तेव्हा घोट्याजवळ फोड आला होता. त्यांच्या पायाला गरम-थंड कळतच नव्हते आणि मी ते तपासले नव्हते. ती जखम भरायला दोन महिने लागले. तेव्हापासून शेक देण्याआधी गरम आणि थंड पाण्याच्या दोन परीक्षानळ्या त्वचेला लावून, रुग्णाला डोळे मिटायला सांगून विचारणे आणि पाचव्या मिनिटाला पॅक उचलून त्वचा पाहणे, हे मी एकदाही चुकवलेले नाही. तुमच्याकडून अशी इजा झाली तर भाजलेल्या जागेवर लगेच साधे वाहते पाणी सोडा, वरिष्ठांना आणि डॉक्टरांना त्याच क्षणी सांगा, रुग्णाच्या घरच्यांना स्वतः तोंडाने सांगा आणि वेळेसह लिहून ठेवा. मी वरिष्ठांना सांगायला अर्धा तास लावला होता. त्या अर्ध्या तासाची मला आजही लाज वाटते.

५. डॉक्टरांना पत्र लिहा

रुग्ण पाठवणाऱ्या डॉक्टरांना भेटायला जाताना लोक भेटवस्तू आणि व्हिजिटिंग कार्ड घेऊन जातात. त्याऐवजी प्रत्येक रुग्णाबद्दल सहा ओळींचे पत्र पाठवा: काय आढळले, काय मोजले, काय केले, आकडा कुठून कुठे आला, काय आले नाही, आणि तुमचा एक नेमका प्रश्न. अस्थिशल्यचिकित्सकाला ‘रुग्ण सुधारत आहे’ हे वाचून काही कळत नाही. ‘तिसऱ्या आठवड्यात गुडघा १०० अंश वाकतो, पण शेवटचे १० अंश सरळ होत नाहीत, पुढे जोर द्यावा का’ हे वाचून तो फोन उचलतो. असे वर्षभर केले की तुमचे नाव त्याच्या लक्षात राहते.

रुग्ण पाठवण्याबद्दल पैसे देण्या-घेण्याला आपल्याकडे ‘कट’ म्हणतात. तुम्हालाही कोणीतरी विचारेल. देऊ नका, घेऊही नका. ज्याने कट दिला तो तेवढे पैसे रुग्णाच्या जास्तीच्या सिटिंगमधूनच वसूल करतो आणि मग आपला अंदाज खरा ठरवून रुग्णाला लवकर सोडण्याची त्याची इच्छाच उरत नाही. या वाटेने न जाताही नागपुरात व्यवसाय चालतो. मात्र पहिली दोन-तीन वर्षे हळू चालतो, हे आधीच मान्य करून ठेवा.

६. विदर्भातले रुग्ण ओळखा

मेडिकल चौकापासून रामदासपेठेपर्यंतच्या रुग्णालयांत भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीपासून आणि मध्य प्रदेशातूनही रुग्ण येतात. पाठ्यपुस्तकात दोन ओळींत संपणारे काही आजार इथे रोजचे आहेत.

सिकलसेल हा रक्तातल्या तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार त्यांतला पहिला. पूर्व विदर्भात त्याचे रुग्ण मोठ्या संख्येने आहेत आणि केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी सुरू केलेल्या निर्मूलन मोहिमेमुळे तपासण्याही वाढल्या आहेत. या आजारात खुब्याच्या चेंडूचा रक्तपुरवठा थांबून हाड खचू शकते, म्हणून विशी-पंचविशीतला मुलगा जांघेत दुखते, लंगडतो म्हणून आला तर सिकलसेलची तपासणी झाली आहे का हे विचारल्याशिवाय त्याला व्यायाम देऊ नका. अशा रुग्णाला बर्फाचा शेक देऊ नये, कारण थंडीने रक्तवाहिन्या आकसून तीव्र वेदनेचा झटका येऊ शकतो. व्यायाम दमछाक होईल इतका नको, मध्ये मध्ये पाणी प्यायला हवे, आणि उन्हाळ्यात तर हे दुपटीने खरे आहे. सूज म्हटली की बर्फ, हे प्रतिक्षिप्त उत्तर नागपुरात काम करणाऱ्याने विसरलेले बरे.

पावसाळ्यानंतर चिकुनगुनियाचे सांधे येतात. ताप उतरून महिने झाले तरी मनगटे, घोटे आणि बोटे सकाळी आखडलेली असतात. त्यांना हळूहळू वाढवलेली हालचाल आणि धीर दोन्ही द्यावे लागतात. कोळसा खाणीतले डंपरचालक, बुटीबोरी-हिंगण्याच्या कारखान्यांतले कामगार, संत्र्याच्या हंगामात क्रेट उचलणारे काटोल-नरखेडचे मजूर यांच्या कंबरदुखीत कामाची पद्धत पाहिल्याशिवाय इलाज होत नाही. त्यांना ‘वजन उचलू नका’ असा सल्ला देणे म्हणजे काम सोडा असे सांगणे होय. किती वजन, किती उंचीवरून, दिवसात किती वेळा, हे विचारा आणि तेच उचलणे क्लिनिकमध्ये हलक्या क्रेटपासून सुरू करून शिकवा.

कंबरेचा एमआरआय घेऊन घाबरलेला रुग्ण तुम्हाला दर आठवड्याला भेटेल. त्याला सांगण्यासाठी एक गोष्ट जवळ ठेवा: वेदना नसलेल्या ३,००० हून अधिक लोकांच्या तपासण्यांच्या २०१५ मधल्या आढाव्यात वयाच्या विसाव्या वर्षी ३७ टक्के आणि ऐंशीव्या वर्षी ९६ टक्के लोकांच्या मणक्यांमधल्या चकत्यांमध्ये झीज आढळली होती. अहवालातला शब्द आणि रुग्णाची वेदना यांची जोड प्रत्येक वेळी लागतेच असे नाही, हे शांतपणे समजावायला दहा मिनिटे लागतात आणि ती दहा मिनिटे उपचाराचाच भाग आहेत.

७. घरभेटी

पक्षाघाताचे, पार्किन्सनचे आणि शस्त्रक्रियेनंतरचे बरेच रुग्ण घरीच पाहावे लागतात आणि सुरुवातीच्या उत्पन्नाचा मोठा भाग यातूनच येतो. शुल्क, वेळ आणि रद्द करण्याचा नियम फोनवरच स्पष्ट करा. पहिली भेट दिवसा ठेवा, घरातले कोणीतरी हजर असावे अशी अट घाला आणि कुठे जात आहात ते आपल्या घरी कळवून जा. मुलींनी हा नियम संकोच न करता पाळावा, आणि मुलांनीही स्त्री रुग्णांच्या बाबतीत घरच्या बाईच्या उपस्थितीशिवाय उपचार करू नयेत.

एप्रिलच्या मध्यापासून पाऊस पडेपर्यंत नागपुरात पारा ४५ अंशांपर्यंत आणि कधी त्याच्याही वर जातो. या काळात घरभेटी सकाळी साडेसहा ते साडेदहा आणि संध्याकाळी साडेपाचनंतरच ठेवा. नवतपातल्या दुपारी दुचाकीवरून महालातून मनीषनगर गाठून लगेच रुग्णाला उभे करणारा थेरपिस्ट स्वतःच धड उभा नसतो. रुग्णाचेही तेच. रक्तदाबाच्या गोळ्या घेणारे आजोबा उन्हाळ्यात पाणी कमी पितात आणि पलंगावरून उठताच त्यांना घेरी येते, म्हणून उभे करण्याआधी आणि नंतर रक्तदाब मोजा. कूलरकडे लक्ष द्या. खाली सांडलेले पाणी आणि खोलीभर पसरलेली वायर यांनी मी जितके वृद्ध पडलेले पाहिले आहेत तितके जिन्यावरून पडलेले पाहिले नाहीत. पहिल्याच भेटीत पलंगापासून न्हाणीघरापर्यंत रुग्णाबरोबर चालून जा आणि वाटेत जे अडखळवते ते घरच्यांकडून तिथल्या तिथे हलवून घ्या.

व्यायाम नुसते दाखवून निघू नका. कागदावर ठळक अक्षरांत तीनच लिहा. आठ-दहा व्यायामांची छापील पाने कपाटात जातात, हे मी इतक्या घरांत पाहिले आहे की आता चौथा व्यायाम द्यायचा झाला तर आधीच्या तिनांतला एक काढून टाकते.

८. पुढचे शिक्षण: आधी स्वतःची पाने वाचा

कोर्सची जाहिरात पाहून कोर्स निवडू नका. लाल शाईची पाने काढा. तुमचे अंदाज मानेच्या रुग्णांत चुकत असतील तर ऑस्ट्रेलियाच्या मेटलंड यांच्या किंवा न्यूझीलंडच्या मॅकेन्झी आणि मलिगन यांच्या, हाताने व ठरावीक हालचालींनी उपचार करण्याच्या पद्धतीचे प्रशिक्षण उपयोगी ठरेल. पक्षाघाताच्या रुग्णांचा हात सुधारत नसेल तर मज्जासंस्थेच्या पुनर्वसनाचे. एका वर्षात एकच घ्या आणि त्यानंतर सहा महिने ते वापरून तुमचे आकडे बदलतात का ते पाहा. शनिवार-रविवारच्या दोन दिवसांच्या पाच प्रमाणपत्रांपेक्षा हे महाग पडत नाही.

वाचनासाठी पेड्रो हा विनामूल्य संग्रह १९९९ पासून ऑस्ट्रेलियातून चालवला जातो. फिजिओथेरपीवरचे प्रयोग, आढावे आणि मार्गदर्शक सूचना त्यात आहेत आणि प्रयोगांना दर्जानुसार १० पैकी गुण दिलेले असतात. चार-पाच मित्र पंधरा दिवसांनी एकदा जमा, एक रुग्ण आणि एक निबंध घ्या, आणि एकच प्रश्न ठेवा: या निबंधातला रुग्ण आपल्या रुग्णासारखा आहे का? आमचा असा गट एका सहकाऱ्याच्या क्लिनिकमध्ये रविवारी सकाळी जमतो. कंबरदुखीत अंथरुणावर पडून राहण्यापेक्षा हिंडत-फिरत राहणे चांगले आणि गुडघ्याच्या झिजेत व्यायाम हा मुख्य उपचार, या आज सर्वमान्य असलेल्या गोष्टीही आमच्यापैकी काहींनी तिथे वाचूनच खऱ्या अर्थाने स्वीकारल्या.

एमपीटीएच या पदव्युत्तर पदवीसाठी राज्याच्या सीईटी कक्षाची प्रवेश परीक्षा असते. पदवीनंतर लगेच करावी की काम करून, यावर मते वेगळी आहेत. किमान एक वर्ष काम केल्यावर करावी, असे मला वाटते, कारण कोणत्या शाखेतले रुग्ण पाहून संध्याकाळी थकवा कमी येतो हे त्या वर्षात कळते. शिकवण्याची इच्छा असेल तर पदव्युत्तर पदवीला पर्याय नाही.

९. स्वतःचे क्लिनिक

तीन वर्षांच्या आत उघडू नका. जागा तळमजल्यावर घ्या किंवा स्ट्रेचर मावेल अशी लिफ्ट पाहा, दार व्हीलचेअर जाईल इतके म्हणजे ९० सेंटिमीटरच्या आसपास रुंद हवे, पायरीच्या उंचीच्या बारापट लांबीचा उतार बसवा, आणि कमोडजवळ धरायला दांडा लावा. सुरुवातीला दोन पलंग, समांतर दांड्या, वजने, रबरी पट्टे, एक टेन्स आणि भरपूर मोकळी जमीन एवढे पुरते. कर्ज काढून लेझर घेतलेल्या माणसाला ते प्रत्येक रुग्णाला लावावेसे वाटू लागते.

आरोग्यसेवेवर जीएसटी नाही, पण व्यवसाय कराचे वर्षाला २,५०० रुपये भरावे लागतात आणि रुग्णालये सल्लागार शुल्कातून बहुधा १० टक्के कर कापून देतात. त्याचे हिशेब पहिल्या महिन्यापासून लेखापालाकडे द्या. प्रत्येक रुग्णाला पावती द्या. वीस सिटिंगचे पैसे आगाऊ घेणारी पॅकेजे मी ठेवत नाही, कारण माझा अंदाज आठ सिटिंगचा असेल तर उरलेल्या बारांचे मी काय करणार?

१०. आपले शरीर

अंगठ्याच्या मुळाशी दुखू लागले की बरेच जण ते दोन वर्षे लपवतात. पलंगाची उंची आपल्या मनगटापर्यंत आणा, दाब शरीराच्या वजनाने द्या, अंगठ्याऐवजी कोपर किंवा तळहाताची कड वापरा, जड रुग्णाला एकट्याने उचलू नका. आठवड्यातून दोन दिवस स्वतः वजने उचलून व्यायाम करा. रुग्णाला सांगतो त्याच पद्धतीने.

११. दिवाळीच्या आठवड्यातले काम

दिवाळीच्या आठवड्यात रुग्ण कमी असतात. त्या दिवसांत गेल्या वर्षाच्या नोंदींतून तीस पाने न निवडता उचला. किती अंदाज मुदतीत खरे ठरले, किती चुकले, आणि चुकलेल्यांत एकच सांधा किंवा एकच कारण वारंवार येते का, हे मोजा. मग दोन-तीन सिटिंगनंतर न सांगता येणे थांबवलेल्या रुग्णांची यादी काढून त्यांना फोन करा. हे फोन करताना मला दरवर्षी संकोच वाटतो, पण सगळ्यांत जास्त कळते ते यांतूनच. मागच्या दिवाळीत मी अकरा फोन केले. चौघांना बरे वाटले होते म्हणून ते आले नव्हते. एका काकूंना व्यायामाने दुखणे वाढल्याचे मला सांगायला संकोच वाटला होता. दोघांनी उपचार दुसरीकडे सुरू केले होते. उरलेले चौघे उमरेड आणि काटोलकडचे होते. मी दिलेली संध्याकाळची वेळ संपवून गणेशपेठेच्या स्थानकावर पोहोचेपर्यंत त्यांची सोयीची एसटी निघून जात असे. त्या महिन्यापासून बाहेरगावच्या रुग्णांसाठी मी सकाळी अकरा ते एक ही वेळ राखून ठेवली आहे, आणि पहिल्या दिवसाच्या कागदावर ‘माझा अंदाज’ याच्या वर आता आणखी एक ओळ असते: परत जाण्याची गाडी किती वाजता?